भिजतल्यो म्हणान

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी वारा असा सुटला, की शेजारच्या होडीवरची निळी ताडपत्री एका अंगाने सुटून फटाफट वाजायला लागली. बंदीचे दिवस. १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढून माडांखाली ठेवलेल्या असतात; वर झावळ्या, त्यावर ताडपत्री, त्यावर दोऱ्या. ही होडी बाबूच्या आज्याची, जुनी, लाकडी. आजा जाऊन दोन वर्षं झाली. बाबूचे वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर जातात, त्यामुळे ही होडी आता पाण्यात उतरतच नाही. पण पावसाळा आला की तिला झाकतात मात्र रीतसर, म्हाताऱ्या माणसाला पांघरूण घालावं तशी. (बाबू हे त्याचं खरं नाव नाही. आमच्याकडे घरटी एक बाबू असतोच, तेव्हा चालून जाईल.) त्याची आई एकटीच दोरी ओढत होती म्हणून मी छत्री टाकून धावले. ताडपत्रीत साचलेलं पाणी उलटवताना माझा हात आत, बसायच्या फळीखाली गेला आणि बोटांना काहीतरी लागलं. गुळगुळीत, चौकोनी, फुगलेलं. बाहेर काढलं तर प्लास्टिकची पिशवी, घट्ट गाठ मारलेली. तिच्या आत आणखी एक पिशवी, तिलाही गाठ. आणि आत पाच वह्या.

तीन दहावीच्या, दोन नववीच्या. दहावीच्या वहीवर नावाचं लेबल, पहिल्या दोन पानांवर सुंदर अक्षर, समासाची लाल रेघ फूटपट्टीने मारलेली. तिसऱ्या पानावर तारीख आणि धड्याचं नाव. चौथ्या पानावर फक्त तारीख. मग कोरं. शाळेत 'वही घरी राहिली' आणि घरी 'वही बाईंकडे तपासायला आहे', असं सांगून तीन आठवडे निघाले होते. नववीच्या वह्यांचंही तेच, फक्त जास्त पानं. आईने आधी कपाळाला हात लावला, मग त्याला हाक मारली, मग एका हाकेत तो आला म्हणून आणखी चिडली. तो पावसात तसाच उभा, शर्ट अंगाला चिकटलेला, नजर होडीकडे. ती बोलायचं ते सगळं बोलली. बाप समुद्रावर कसा मरतो, फी कशी भरली, तुझ्या वयाचे बघ. तो काही बोलेना. मला मात्र एकच गोष्ट खटकत होती आणि तोंडातून निघून गेली: "अरे, लपवायच्याच होत्या तर दोन-दोन पिशव्या कित्याक?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की इतका साधा प्रश्न डोंबिवलीहून आलेली बाईच विचारू शकते.

"भिजतल्यो म्हणान," तो म्हणाला.

रात्री अंथरुणावर पडल्यावर पन्हाळीचं पाणी ऐकत होते आणि ते दोन शब्द काही केल्या जाईनात. ज्याला अभ्यासाचं काहीच वाटत नाही तो मुलगा वह्या खाडीत टाकेल, चुलीत घालेल, रद्दीवाल्याला देईल. नववीच्या वह्या तर आता कुणी मागणारही नव्हतं. याने त्या आज्याच्या होडीत, फळीखाली, पाणी लागणार नाही अशा जागी, दोन गाठी मारून ठेवल्या होत्या. मग उठले, दिवा लावला आणि माझ्याच माळ्यावर काय आहे ते आठवलं. तिथेही एक प्लास्टिकची पिशवी आहे. तिच्या आत आणखी एक, कारण आमच्याकडे पावसाळ्यात कागदालाही बुरशी येते. आत बाबांचा मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, आणि वारस नोंदीचा अर्धा भरलेला अर्ज. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. खरं तर अशी नोंद तीन महिन्यांत कळवायची असते. मी बँकेत तीस वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म तपासले, सही राहिली म्हणून परत पाठवले, तारीख चुकली म्हणून ओरडले. स्वतःच्या अर्जावर मात्र 'अर्जदाराचे संपूर्ण नाव' एवढंच लिहून पेन ठेवलं होतं. अडलं होतं फॉर्मशी नाही. त्या कागदावर दादाची सही लागणार, त्यासाठी दादाला फोन करावा लागणार, आणि दादाशी मी बाबांच्या बाराव्यानंतर, आंब्याच्या कलमांच्या कराराच्या पैशांवरून जे बोलले होते त्याच्यानंतर बोललेच नव्हते. दर वर्षी म्हणायचे, गणपती झाले की करते. मग दिवाळी. मग आंबा.

वाडीत बाबूचं निदान ठरलेलं होतं: मोबाइल. मोबाइलला नावं ठेवायला कुणालाच कष्ट पडत नाहीत. पण जुलैत एक दिवस लाइट आणि नेटवर्क दोन्ही गेले, सलग सव्वीस तास, आणि त्या सव्वीस तासांतही बाबूने पुस्तक उघडलं नाही. पडवीत बसून आमच्या कोंबड्या मोजल्या, पावसाचा एक ओघळ काठीने दुसऱ्या ओघळाला नेऊन मिळवला, आईने हाक मारली की 'अभ्यास करतंय' म्हणून ओरडला. पळणाऱ्याला रस्ता लागतो, तो मोबाइलचा असो की ओघळाचा. दुसरं निदान: आळशी. हा मुलगा पहाटे साडेचारला उठून वडिलांबरोबर बंदरावर जातो, बर्फाच्या लाद्या फोडतो, मासळीची वर्गवारी करतो आणि साडेदहाच्या शाळेला वेळेवर असतो. तरी आळशी. तिसरं निदान कुणी तोंडाने करत नाही, पण ते हवेत असतं. आमचा कोकण विभाग २०१२ मध्ये वेगळा झाला तेव्हापासून दहावीच्या निकालात पहिला. २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२. पेपरात मथळे येतात, अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण शंभरातले नव्व्याण्णव पास होतात त्या गावात नापास होणं म्हणजे काय, ते त्या उरलेल्या एकालाच विचारा. शाळेतल्या एकांनी त्याच्या आईला हळूच सुचवलंही होतं, की पुढल्या वर्षी सतरा नंबर फॉर्म भरून बाहेरून बसवलात तर त्याला 'टेन्शन राहणार नाही'. कुणाला, ते तिला कळलं असावं. तिने मला ते सांगितलं तेव्हा ती माझ्या ओटीवर फणसाच्या आठळ्या सोलत होती आणि सोलायची थांबली नाही. "ताई, जरा बगा हो ह्याका. माज्या सांगण्यातलो नाय तो."

मी 'हो' म्हणायला दोन दिवस घेतले. कारण अभ्यास घेण्यातला माझा इतिहास चांगला नाही. माझा मुलगा नववी-दहावीत असताना डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत मी फ्रिजवर वेळापत्रक लावलं होतं, तीन रंगांत. बक्षिसं लावली, केबल तोडली, मोबाइल कपाटात कुलपात ठेवला, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर चप्पल काढायच्या आधी विचारायचे, 'किती झालं?' तो पास झाला, पुढे इंजिनिअर झाला, सगळं नीट झालं. म्हणून ती पद्धत बरोबर होती असं मी बरीच वर्षं मानत होते. दोन वर्षांपूर्वी तो सहज, हसत म्हणाला, "आई, तू दारात उभी राहिलीस ना, की मी पान उलटायचो. तू गेलीस की परत मागे उलटायचो." मीही हसले. पण त्या दोन वर्षांत आम्ही अभ्यासाशिवाय आणखी काय बोललो ते आठवायला बसले तेव्हा एक आजारपण आणि एक क्रिकेटचा सामना, एवढंच सापडलं. आताही फोनवर माझा पहिला प्रश्न असतो, 'झालं का?' काय झालं का, ते मलाच माहीत नसतं.

म्हणून बाबूला मी एवढंच सांगितलं, की संध्याकाळी सातला ये, मला काही कागद करायचे आहेत, एकटीने होत नाहीत, तू समोर बस. हे निम्मं खोटं होतं आणि निम्मं खरं. तो आला. ओटीवर डासांची कॉइल लावली, बाजूला चहा आणि शेंगदाण्याचा लाडू. तासभर तो 'बसला'. दुसऱ्या दिवशीही बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आते, किती वेळ?" मला काय सांगावं ते सुचेना, घड्याळही आत. मी कॉइलवर तीन बोटं ठेवली आणि म्हटलं, इतकं जळेपर्यंत. त्याने नखाने तिथे खूण केली. तीन बोटं कॉइल जळायला साधारण अर्धा तास लागतो, हे आम्हाला नंतर कळलं. राखेचं टोक खुणेजवळ यायला लागलं, की त्याची पेन्सिल जरा वेगाने चालायची. आणि खूण जळून गेली, की तो उठायचा, गणित अर्धं असलं तरी. मी थांबवत नव्हते. अर्धवट टाकलेलं गणित डोक्यात वळवळत राहतं, दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करता येतं. कोऱ्या पानावरून सुरू करण्यापेक्षा ते केव्हाही सोपं.

आठवडाभराने खरी गोष्ट बाहेर आली, तीही चुकून. दोन चलांतील रेषीय समीकरणं, धडा पहिला. पायऱ्या त्याला पाठ होत्या, चिन्हंही बरोबर, आणि मग एका ओळीत दोन अपूर्णांकांची बेरीज आली. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. त्याने लिहिलं, दोन छेद पाच. लिहून लगेच हाताने झाकलं. ते झाकणं मी पाहिलं नसतं तर मी 'अरे लसावि काढ' म्हणून मोकळी झाले असते. त्याला लसावि माहीतच नव्हता. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा तो चौथीत. पाचवी आणि बरीचशी सहावी मोबाइलवर झाली. घरात मोबाइल एक, तो वडिलांबरोबर. वडील घरी असले की फोन घेऊन सड्यावर चढायचं, कातळावर, कारण खाली नेटवर्क नाही. वाऱ्यात बाईंचा आवाज तुटक यायचा. अपूर्णांक त्या वाऱ्यात गेले. पुढे दर वर्षी वरच्या वर्गात ढकलला गेला, आणि दर वर्षी 'हे मला पाचवीचं येत नाही' असं म्हणणं आणखी कठीण होत गेलं. सहावीत म्हटलं असतं तर एखादा हसला असता. दहावीत म्हटलं तर सगळा वर्ग. त्यापेक्षा वही न उघडणं सोपं. आळशी म्हणवून घेणं तर त्याहून सोपं, कारण आळशी मुलाबद्दल लोक 'डोकं आहे, पण करत नाही' म्हणतात, आणि त्या 'डोकं आहे'मध्ये थोडी अब्रू शिल्लक राहते.

पुण्यात माझी भाची शाळेत समुपदेशक आहे. तिला फोन केला. तिने आधी पन्नास प्रश्न विचारले: अक्षरं-आकडे उलटे लिहितो का, वाचताना ओळी सुटतात का, तसं असेल तर तपासून घे, आपल्याकडे अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना १९९६ पासून सवलती आहेत, गणिताच्या जागी खालच्या इयत्तेचं अंकगणितही घेता येतं. तसं काही दिसत नव्हतं. मग ती म्हणाली, "मावशी, मागचं किती साठलंय?" मी म्हटलं, दोन वर्षांचं. तेव्हा तिने मला एक अभ्यास सांगितला. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांवर केलेला, २०१० साली छापून आलेला. पहिल्या परीक्षेआधी ज्यांनी चालढकल केली होती, त्यांच्यातल्या ज्यांनी त्याबद्दल स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. मला आधी हे काहीतरी गोड-गोड वाटलं. आम्हाला लहानपणापासून उलटं शिकवलंय: मनाला लावून घे, तरच सुधारशील. आमच्या बाबूने तर इतकं मनाला लावून घेतलं होतं, की वह्यांना दोन गाठी मारल्या होत्या.

शाळेतल्या गणिताच्या बाईंना भेटले. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पदर खोचून, बँकेच्या काउंटरपलीकडून यायचा तो आवाज घेऊन. बाई तरुण, घाटावरच्या, पावसाने वैतागलेल्या. टेबलावर चौसष्ट वह्यांचा ढीग. माझं सगळं ऐकलं आणि बाबूला बोलावून त्याच्या हातात शाळेच्या कपाटातली एक नवी वही दिली. "मागचं राहू दे. आजची तारीख घाल." बस. ना 'बुडालेलं पूर्ण करून आण', ना पालकांची सही. मी परत येताना तिच्याबद्दल मनात आणलेलं सगळं गिळत आले. बाबू पुढे चालत होता, नवी वही शर्टाच्या आत पोटाशी धरून, पाऊस होता म्हणून.

पाचवीचं गणिताचं पुस्तक बालभारतीच्या साइटवर मिळतं. देवगडला जाऊन त्याची पानं छापून आणली, शिवून घेतली, आणि वर दहावीच्या बीजगणिताच्या जुन्या पुस्तकाचं कव्हर घातलं. ही कल्पना त्याची. मित्र सायकलवरून ओटीसमोर थांबले तरी कळू नये. श्रावण-भाद्रपद आम्ही त्या वेषांतर केलेल्या पुस्तकात काढले. घावण्याचे तुकडे केले, सहा आणि चार, आणि पुढ्यातले तुकडे जुळवता जुळवता लसावि गळ्याखाली उतरला. गणपतीत चाकरमानी आले, भजनं सुरू झाली, पाच दिवस कॉइल पेटली नाही, आणि सहाव्या दिवशी तो आपणहून आला. मला वाटायला लागलं, की जमलं आपल्याला. इतकं वाटलं की मी सुधारणा करायला निघाले.

कोजागिरीनंतरचा रविवार. पाऊस ओसरलेला, सकाळची हवा धुतल्यासारखी. मला तिसऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांची, आठवण झाली. ओटीवर बाबू गणित सोडवत होता, त्याला विचारलं, खाडीत पाणी कधी उतरेल रे? मान वर न करता म्हणाला, "आज पंचमी. पावणेचाराक भरती. साडेनवाक सुकती, तेवा जावा." मी विचारलं, कसं काढलंस? तर त्याने पेन्सिल ठेवली आणि आजा म्हणायचा तशी, सुरात, म्हणून दाखवली: एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार... तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला सव्वाअकरा. आजा शाळेत दुसरीपर्यंत गेलेला. पावकी-निमकी-पाऊणकी मात्र तोंडपाठ, आणि नातवाला ती होडीत, जाळं ओढताना दिलेली. माझ्या अंगावर काटा आला. अरे, ज्याला तीन छेद चार बघून घाम फुटतो त्याच्या तोंडात अख्खी पाऊणकी!

आणि मग मी तेच केलं जे माझ्यासारखी बाई करते. कोरा कागद ओढला. 'हे बघ, भरतीची वेळ बरोबर तीन छेद चार गुणिले तिथी, हे झालं तुझं रेषीय समीकरण! आणि रोज पंचेचाळीस मिनिटं पुढे, म्हणजे ही अंकगणिती श्रेढी, धडा तिसरा, तुला हे सगळं येतंच की!' आलेख काढला. अक्षांना नावं दिली. आनंदाने माझा आवाज चढला होता. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण मी मोबाइल उघडला, भरतीचं कोष्टक काढलं आणि म्हटलं, 'आज्याच्या हिशेबात थोडी चूक आहे हं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, हा पंचेचाळीस धरायचा.' बाबू ऐकत होता. किनाऱ्यावर पर्यटक येतात, वाळत घातलेल्या जाळ्यांपाशी उभे राहून फोटो काढतात, तेव्हा तो त्यांच्याकडे जसं बघतो तसा बघत होता. मी सांगितलेलं सगळं त्याने लिहून घेतलं. सुंदर अक्षरात.

त्या दिवशी मी तिसऱ्या काढायला गेलेच नाही. चार दिवसांनी सहज विचारलं, "बाबू, आज भरती कधी?"

"ठावक नाय."

आमच्या वाडीत हे कुणाला ठाऊक नाही असं होत नाही. पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, आईने सांगितलं बंदरावर गेलाय. मग सहामाही, मग दिवाळी. ओटीवर मी कॉइल लावत होते आणि एकटीच बसत होते. समोर वारसाचा अर्ज, तोही तसाच. आधी राग आला. मग लाज वाटली. एवढा मोठा समुद्र, एवढी मोठी होडी, त्यातली एक गोष्ट त्याची आणि आज्याची होती, अभ्यासाचा वास नसलेली. ती मी काढली, पुसली आणि पहिल्या धड्यात नेऊन बसवली. वर चूकही काढली. मोठ्या माणसांना मुलांचं काहीतरी चांगलं दिसलं, की त्याचा उपयोग केल्याशिवाय राहवत नाही. चित्र बरं काढतो? मग विज्ञानाच्या आकृत्या काढ. गाणं आवडतं? मग कविता चालीवर पाठ कर. माझ्या मुलाच्या क्रिकेटच्या सरासरीवरून मी त्याला टक्केवारी शिकवली होती. हे मला त्या दिवसांत आठवलं, आणि त्यानंतर तो माझ्याशी धावसंख्या बोलायचा थांबला होता, हेही.

तुळशीची लग्नं लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबू आला. हातात पिशवी, तिसऱ्यांनी भरलेली, अजून पाणी ठिबकत होतं. "आवशीन दिल्यान." पिशवी ठेवून तो जाईना, बसेना. मी तिसऱ्या पातेल्यात ओतल्या, टरफलांचा खळखळ आवाज झाला, त्या आवाजात बोलायला सोपं गेलं. म्हटलं, "त्या दिवशी मी उगाच आज्याची चूक काढली." तो पातेल्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मोबायल बंदराचो टायम सांगता. खाडीत पाणी मागसून चढता. आजो खाडीचो टायम सांगी." म्हणजे चूक कुणाची होती, हे त्याने चार आठवडे सांभाळून ठेवलं होतं. मी 'असं होय' म्हटलं आणि त्याचं समीकरण केलं नाही. खिशातून त्याने घडी घातलेला सहामाहीचा पेपर काढला. बीजगणित, चाळिसात अकरा. पहिल्या चाचणीत त्याने कोरा पेपर दिला होता. अकराला काय म्हणावं मला कळेना. शाबास म्हणावं तर खोटं, 'फक्त?' म्हणावं तर संपलंच. अपूर्णांकाचं एक गणित बरोबर आलं होतं, त्याच्यावर बाईंनी लाल शाईने गोल केला होता. मी त्यावर बोट ठेवलं. तो म्हणाला, "लाडू आसा?"

आता पुन्हा बसतो आम्ही. रोज नाही. कधी तीन बोटं, कधी सहा. मार्चमध्ये परीक्षेच्या आसपासच शिमगा येणार, पालखी नाचणार, कलमांना फळ धरलेलं असणार. आमच्या मुलांची दहावी अशीच जाते, एका कानात ढोल आणि एका कानात सूत्रं. पास होईल का, माहीत नाही. त्याची आई अजून विचारते, सुधारला का? मी म्हणते, येतो. काही संध्याकाळी तो नुसता बसून पेन्सिलीला टोक करतो, टोक मोडतो, पुन्हा करतो. मला ओरडावंसं वाटतं, कधी ओरडतेही. मग दोघेही गप्प.

परवाची गोष्ट. कलमांना मोहर आलाय, त्याचा वास रात्री ओटीवर उतरतो. बाबू श्रेढीचं गणित करत होता, मी समोर अर्ज घेऊन. मी कित्येक महिने समोर एकच कागद धरून बसते हे त्याच्या लक्षात आलं नसेल, असं मी धरून चालले होते. त्याने मान वर केली.

"आते, ह्या काय आसा?"

मी सांगितलं. थोडक्यात. जमीन, दादा, सही. फोन करायचा आहे, एवढंच.

"मगे?"

"करीन. रविवारी."

तो काही बोलला नाही. जळत्या कॉइलशेजारी नवी कॉइल पडली होती, तिचं टोक त्याने बोटांनी मोजलं, एक, दोन, तीन, आणि कट्कन मोडलं. जळत्या टोकाला लावून पेटवलं, फुंकर घातली, तुकडा पत्र्याच्या झाकणात ठेवून माझ्या पुढ्यात सरकवला. मग पुन्हा वहीत डोकं घातलं.

धूर सरळ वर चालला होता, वारा पडला होता. मी चष्मा पुसला. फोनमध्ये दादाचा नंबर अजून 'दादा घर' असाच होता. पलीकडे रिंग वाजत होती आणि बाबू, आपण ऐकत नाही असं दाखवत, एकच ओळ खोडून पुन्हा लिहीत होता.